भाड्याची खोली : ठेवावी की विकावी?

खोपोलीत आमच्या घरामागे बाबांनी बांधलेली एक खोली आहे. तिला गिऱ्हाईक आले. कर वगैरे जाऊन हाती 9 लाख पडतील असा अंदाज निघाला, आणि धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी ती विकावी काय, असा प्रश्न घरात उभा राहिला. आजीचे मत ठाम : "भाडेकरू एकदा बसला की उठत नाही. विकून मोकळे व्हा."

आजीची भीती निराधार नाही. ती मुंबईच्या चाळींतून आपल्याकडे आली. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने तेथील कित्येक भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठविली. पुढे दुरुस्तीला मालकांजवळ ना पैसा उरला, ना इच्छा. परंतु 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला. त्यातील कलम 24 प्रमाणे, राहण्यासाठी 'लीव्ह अँड लायसन्स'वर दिलेली जागा मुदतीनंतर न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा मिळतो, शिवाय दुप्पट दराने भरपाई. मात्र कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडचा समज साफ चुकीचा आहे. (आमचाही करार नोंदलेला नव्हता, हे मला या अभ्यासातच कळले!)

आता हिशेब. भाडे 3,500, म्हणजे वर्षाला 42,000. एक महिना खोली रिकामी धरली, घरपट्टी व पावसाळ्यानंतरची डागडुजी वजा केली, की उरतात सुमारे 32,000. नऊ लाख बँकेत ठेवून सात टक्के मिळाले, तर 63,000. फरक 31,000 चा. तेव्हा खोलीची किंमत दरवर्षी निदान साडेतीन टक्के वाढली, तरच ती ठेवणे परवडते.

ती वाढेल काय? 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तेव्हापासून जमिनीकडे मुंबई-पुण्याच्या लोकांचे लक्ष आहे. पण वाढते ती जमीन. भिंती व स्लॅब दर पावसाळ्यात झिजतातच, आणि घाटाखालचा पाऊस काही थोडाथोडका नाही. उलट, फीला लागतो दरवर्षी थोडा पैसा, आणि खोलीची एकच भिंत काही विकता येत नाही.

बाबांना मी हा कागद वाचून दाखविला. ते म्हणाले, "नऊ लाख घरात आले तर फीपुरते राहतील का?" याचे उत्तर माझ्या क्रमिक पुस्तकात नव्हते. तूर्त करार नोंदवायचा, भाडे फीसाठी बाजूला काढायचे आणि उरलेल्या फीसाठी शैक्षणिक कर्जाची चौकशी करायची, असे ठरले आहे. मागच्या बाजूचा स्लॅब येत्या पावसात गळला, तर हिशेब पुन्हा मांडू.