कारागीर एक, वह्या दोन : कामाचा भार कसा मोजावा?

ईदच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे शिवणकामाच्या धंद्याची परीक्षाच. चाँदरातीपूर्वी कपडे देण्याचा वायदा झालेला असतो आणि कापड अजून कटिंगच्या टेबलावर पडून असते. अशा वेळी आपण म्हणतो, "कारागीर कमी पडले." खरोखर कारागीर कमी पडतात की आपला हिशेब कमी पडतो, याचा आज आपण विचार करू.

समजा, एका दुकानात दोन भाऊ आहेत. थोरला शेरवानी-कुर्त्यांच्या ऑर्डरी घेतो, धाकटा शाळेच्या गणवेशांच्या. गिऱ्हाइके वेगळी, वह्या वेगळ्या. परंतु मागचा कारखाना एक आणि कटिंग मास्टरही एकच.

मास्टर आठवड्यातून सहा दिवस, रोज आठ तास येतो. म्हणजे ४८ तास झाले काय? नाही. माप घेणे, ट्रायल पाहणे, कापड मोजून घेणे यांत रोज दोन तास जातात. प्रत्यक्ष कटिंगसाठी उरतात ३६ तास. आता थोरल्याच्या वहीत या आठवड्याचे कटिंग २२ तासांचे आहे आणि धाकट्याच्या वहीत २४ तासांचे. दोघेही मनात म्हणतात, "३६ तासांत आपले काम सहज बसेल." दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक आहे ती न केलेल्या बेरजेत. बेरीज ४६ होते आणि दहा तास कोठून आणावयाचे, हे कोणीच विचारलेले नसते.

याची किंमत कोण देतो? मास्टर रात्री जागतो. मशीनवाले कारागीर दुपारी हातावर हात ठेवून बसतात. गिऱ्हाईक दोन फेऱ्या मारून नाराज होते. आणि थोरल्याला वाटते, धाकट्याने माझा माणूस अडकविला; धाकट्यालाही तेच वाटते. अशा वेळी आणखी दोन मशीनवाले ठेवले तरी उपयोग होत नाही, कारण काम कात्रीपाशी तुंबलेले आहे, सुईपाशी नाही.

मोठ्या कंपन्यांतही हाच घोटाळा होतो. एकच इंजिनिअर तीन प्रकल्पांना वाटलेला असतो आणि प्रत्येक साहेब त्याला आपलाच समजतो. म्हणून तेथे कामाचे नियोजन करणारी सॉफ्टवेअर वापरतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे त्यांपैकी जुने नाव. त्याची पहिली आवृत्ती १९८४ साली आली. त्यात प्रत्येक माणसाची कुवत आणि त्याच्यावर टाकलेले काम लिहावयाचे असते. काम कुवतीबाहेर गेले की त्या माणसाचे नाव लाल अक्षरांत दिसते. सांगितल्यास ते सॉफ्टवेअर कामे पुढे सरकवूनही देते. परंतु कोणाच्या गिऱ्हाइकाला थांबवावयाचे, हे शेवटी मालकालाच ठरवावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या सॉफ्टवेअरचे मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास असे धरलेले असते. ज्यांचा कारखाना शुक्रवारी बंद असतो किंवा रमजानमध्ये ज्यांच्या कामाच्या वेळा बदलतात, त्यांनी ते आधी बदलून घ्यावे. चुकीचे तास भरले तर उत्तरही चुकीचेच येणार.

लहान कारखान्याला एवढे मोठे सॉफ्टवेअर हवेच असे नाही. मोबाईलवर दोघांना दिसेल असा एक तक्ता किंवा भिंतीवरचा एक फळा पुरे. रीत अशी :

१. ज्या कारागिराकडे सर्वांचे काम जाते, त्याचे नाव वर लिहावे.

२. त्याचे आठवड्याचे खरे तास लिहावेत. हजेरीचे नव्हेत, हातून होणाऱ्या कामाचे. चार दिवस घड्याळ लावून पाहिल्यास ते कळतात.

३. सर्व वह्यांतील काम तासांत मांडून एकाच ठिकाणी बेरीज करावी. नगांची बेरीज उपयोगाची नाही. एक शेरवानी आणि एक गणवेश यांना सारखा वेळ लागत नाही.

४. ३६ पैकी ३० तासच भरावेत. सहा तास दुरुस्ती, आजारपण व अडचणीसाठी मोकळे ठेवावेत.

५. नवी ऑर्डर आली की आधी तक्ता पाहावा, मगच तारीख द्यावी.

बेरीज जास्त झाली तर मार्ग तीनच : काही कटिंग बाहेर द्यावे, तारीख पुढची सांगावी किंवा ऑर्डर सोडावी. मास्टरला रात्री जागविणे हा चौथा मार्ग नव्हे. थकलेल्या हाताची कात्री चुकते आणि वाया गेलेल्या कापडाची भरपाई आपल्यालाच द्यावी लागते.

ऑर्डर सोडताना मन दुखते, हे आम्ही जाणतो. परंतु "या आठवड्यात होणार नाही" असे ऐकलेले गिऱ्हाईक पुढच्या वेळी परत येते; चाँदरातीला रिकाम्या हाताने परतलेले येत नाही. तेव्हा व्यापारी बांधवांनी आज दुकान बंद करण्यापूर्वी दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकदा बेरीज करून पाहावी.