जुना आयपॉड दुरुस्त करायचा, की नवा प्लेअर घ्यायचा?

दुकानात जाण्याआधी जुना प्लेअर टेबलावर ठेवा आणि त्याचं नेमकं काय बिघडलंय ते शोधा. बिघाड बहुधा चारांतला एक असतो: बॅटरी, डिस्क, हेडफोनची खाच, नाहीतर खुद्द हेडफोन. शेवटचा सगळ्यांत स्वस्त आणि नेमका तोच तपासायचा राहून जातो. एका कानात आवाज येत नसेल तर आधी घरातला दुसरा हेडफोन लावून बघा. आवाज आला, तर तुमचा खर्च तिथेच संपला.

आता बॅटरी. रात्रभर चार्ज करा, सकाळी मध्यम आवाजात गाणी लावा, पडदा बंद ठेवा आणि किती तास चालतो ते कागदावर लिहा. २००९चा १६० जीबीचा आयपॉड क्लासिक नवा असताना ३६ तास चालेल, असं ॲपल सांगत असे. चारशे पूर्ण चार्जनंतर बॅटरीची ताकद ८० टक्क्यांवर येते, हाही कंपनीचाच हिशेब. तुमचा प्लेअर चार-पाच तासांत मान टाकत असेल तर बॅटरी गेली. पण गाणं मध्येच अडखळतंय, आतून टकटक ऐकू येतेय, काही गाणी आपोआप पुढे सरकतायत, तर दोष डिस्कचा आहे. तिथे बॅटरी बदलून पैसे वाया घालवू नका.

डिस्कची तब्येत क्लासिक स्वतःच सांगतो. मेन्यू आणि मधलं बटण सात-आठ सेकंद एकत्र दाबून धरा. पडदा काळा झाला की लगेच मधलं आणि मागच्या गाण्याचं बटण धरा. काळ्या-पांढऱ्या तपासणीच्या पानात ‘मॅन्युअल टेस्ट’, मग ‘आयओ’, ‘हार्डड्राइव्ह’ आणि ‘एचडी स्मार्ट डेटा’ उघडा. इथे चाक चालत नाही. पुढच्या-मागच्या गाण्याच्या बटणांनी सरकायचं. ‘रिअलॉक्स’ आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळी वाचा. शून्य किंवा एक आकडी असतील तर निश्चिंत राहा. शेकड्यांत असतील तर डिस्क कधीही बसेल, हे धरून चाला. बाहेर पडायला पुन्हा मेन्यू आणि मधलं बटण.

यानंतरचं काम कुठल्याही दुरुस्तीच्या आधीचं: गाणी काढून घ्या. जुना आयपॉड नव्या कॉम्प्युटरला जोडला की सिंक करायचं का, असं विचारलं जातं. ‘हो’ म्हणालात तर आतली गाणी पुसली जातात, कारण आयपॉड एका वेळी एकाच लायब्ररीशी बांधलेला असतो. तुम्ही ‘नाही’ म्हणा. डिस्क म्हणून वापरण्याची सोय चालू करा, कॉम्प्युटरवर लपलेले फोल्डर दिसू द्या आणि ‘आयपॉड कंट्रोल’मधलं ‘म्युझिक’ फोल्डर जसंच्या तसं उतरवून घ्या. आत फायलींची नावं चार अक्षरांची, अर्थहीन दिसतील. घाबरू नका. गाणं, गायक, अल्बम ही माहिती फायलीच्या पोटात असते. ती लायब्ररीत घेतली की नावं परत येतात.

हे इतकं बजावून सांगतोय, कारण अनेकांच्या आयपॉडमध्ये बाजारात न मिळणारा ऐवज असतो. कॅसेटवरून उतरवलेलं नाट्यसंगीत, रेडिओवरून टेप केलेली मुलाखत, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, आजीचा आवाज. हे कुठल्याच ॲपवर सापडणार नाही.

दुरुस्ती कुठे? क्लासिकची विक्री २०१४मध्ये थांबली, नॅनो आणि शफलची २०१७मध्ये. विक्री थांबून सात वर्षं झाली की ॲपल त्या वस्तूला कालबाह्य ठरवते. त्यामुळे अधिकृत सेवा केंद्रात खेटे घालू नका. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे विचारा. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी जा, म्हणजे कारागीर जागेवर भेटतो.

बॅटरी आणि मजुरी मिळून दीड ते अडीच हजारांची तयारी ठेवा. आधी तीन गोष्टी विचारा. उघडून बघण्याचे पैसे वेगळे का? बॅटरी कधीची आहे? (जुन्या यंत्रांच्या बॅटऱ्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असतात आणि पडल्या-पडल्याही मरतात.) काम जमलं नाही तर किती घेणार? उत्तरं पावतीवर लिहून घ्या.

माझा १२० जीबीचा क्लासिक मी एका दुकानात फक्त बॅटरीसाठी दिला होता. परत आला तेव्हा बॅटरी ठणठणीत, पण होल्डचं बटण मेलेलं आणि डाव्या कानात आवाज नाही. क्लासिकची धातूची पाठ बारीक चापांनी गच्च बसवलेली असते. होल्डचं बटण आणि हेडफोनची खाच त्या पाठीच्या आतल्या बाजूला एकाच पट्टीवर असतात, आणि कागदासारखी पातळ रिबन त्यांना मुख्य बोर्डाशी जोडते. पाठ घाईने उचकटली की रिबन फाटते. दुकानदार म्हणाला, “हे आधीपासूनच असेल, साहेब.” माझ्याकडे पुरावा नव्हता. वेगळे पैसे मोजून पट्टी बदलावी लागली. म्हणून काउंटरवरच अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या: दोन्ही कानांत आवाज, होल्डचं बटण, प्रत्येक बटण, पाठीवरचा सीरियल नंबर. दुकानदाराला तो दिसेल असा घ्या.

डिस्क गेली असेल तर तसलीच जुनी डिस्क बसवू नका, तीही वापरलेलीच असणार. तिच्या जागी मेमरी कार्ड घेणारी पट्टी मिळते. ‘आयफ्लॅश’ हे त्यातलं माहितीतलं नाव. कार्डावर चालणारा आयपॉड हलका होतो, टकटक थांबते, बॅटरीही जास्त टिकते. पण पट्टी परदेशातून येते. किंमत तीस-चाळीस डॉलरच्या घरात, त्यावर टपाल, कस्टम्स, कर आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी आकार. मागवताना ड्यूटी किमतीत धरली आहे की दारात मागणार, ते वाचा. कार्डाचे पैसे वेगळे. एक अडचण आधीच तपासा: २००७चा ८० किंवा १६० जीबीचा जाड क्लासिक आणि २००८चा १२० जीबीचा, हे कार्ड बसवल्यावर मूळ सॉफ्टवेअरवर १२८ जीबीपुढे जात नाहीत. त्यात मोठं कार्ड घालणं म्हणजे पैसे फेकणं. २००९च्या पातळ १६० जीबीवाल्याला हे बंधन नाही.

जागा किती लागते? ३२० केबीपीएसचं चार मिनिटांचं एमपीथ्री गाणं साधारण साडेनऊ एमबीचं. म्हणजे १२८ जीबीत तेरा हजारांच्या आसपास गाणी. सीडीच्या दर्जाचं ॲपल लॉसलेस घेतलंत तर एक गाणं २५ ते ३० एमबी, आणि तीच जागा साडेचार हजारांत भरते. तुमची गाणी मोजा, मग कार्ड घ्या. एक टीबीचं कार्ड तीन-चारशे रुपयांत दिसलं तर हात लावू नका. ते आतून लहान असतं आणि भरल्यावर जुनी गाणी गिळतं. कोणतंही कार्ड आणलं की ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. १२८ जीबीला काही तास लागतात, पण ते परत करण्याच्या मुदतीतच उरकून टाका.

आता नव्या प्लेअरची बाजू. सोनीने एनडब्ल्यू-ए१०५ हा वॉकमन जानेवारी २०२०मध्ये भारतात २३,९९० रुपयांना आणला, २०२३मध्ये झेडएक्स७०७ आणला ६९,९९० रुपयांना. आकडे मनात ठेवा. एवढ्या पैशांत बरा फोन येतो, तेव्हा ‘आवाज छान आहे’ एवढ्यावर निर्णय घेऊ नका. या किमतीत चांगला हेडफोन क्वचितच धरलेला असतो. हेडफोन दोनशे रुपयांचा असेल तर साठ हजारांचा प्लेअरही दोनशे रुपयांचाच ऐकू येतो. आधी तीन-चार हजारांचा हेडफोन जुन्या प्लेअरला लावून महिनाभर ऐका. पुष्कळांची हौस तिथेच भागते.

दुकानात स्वतःचं कार्ड न्या. त्यात एक गाणं देवनागरी नावाचं ठेवा. स्वस्त प्लेअरवर नावाऐवजी चौकोन दिसतात, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. शिवाय सलग मैफलीचे दोन तुकडे ठेवा, आलाप आणि त्याला लागून बंदिश. तुकडा बदलताना क्षणभर शांतता पसरली तर शास्त्रीय ऐकणाऱ्याने तो प्लेअर घेऊ नये. कार्डाची कमाल मर्यादा विचारा; स्वस्तातले काही ३२ जीबीवरच अडतात. ॲप चालणारा प्लेअर असेल तर अँड्रॉइडची आवृत्ती बघा, कारण आवृत्ती जुनी पडली की ॲप एकेक करून बंद होतात. आयपॉड टचचं हेच झालं. २०१९चा शेवटचा टच आयओएस १५वरच राहिला. म्हणून वापरलेला टच कोणी ‘अगदी नव्यासारखा’ म्हणून विकत असेल, तर तुमचं ॲप त्यावर उघडून दाखवायला सांगा.

फोनवरच भागेल का? बहुतेकांचं भागतं. खाच नसलेल्या फोनला काहीशे ते हजार रुपयांचा डोंगल लागतो. तो तुमच्याच फोनवर लावून बघा, कारण काही डोंगल काही फोनवर फार हळू वाजतात. ॲपची वर्गणी महिना दीडशे धरली तर वर्षाचे १,८०० आणि पाच वर्षांचे ९,००० होतात. वर्गणी थांबली की उतरवलेली गाणीही थांबतात. ती फाइल म्हणून दुसऱ्या प्लेअरवर नेता येत नाहीत.

माझं मत असं: नुसती बॅटरी गेली असेल आणि आतली गाणी तुमची स्वतःची असतील, तर बॅटरी बदला. बॅटरी, डिस्क, खाच तिन्ही गेली असतील तर गाणी काढून घ्या आणि दुरुस्ती सोडा. रोज नवी गाणी शोधून ऐकणाऱ्याने फोन आणि चांगला हेडफोन घ्यावा. नवा प्लेअर घ्यावा तो ज्याला फोनशिवाय, मेसेजच्या टिंगटिंगशिवाय ऐकायचंय आणि ज्याच्याकडे स्वतःची मोठी साठवण आहे त्याने.

नवा घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि हमी कंपनीची की दुकानाची, ते शब्दांत विचारा. परदेशातून परस्पर आणलेल्या मालावर इथे कंपनीची हमी बहुधा चालत नाही. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर ‘जीएसटी वेगळा’ हे चालत नाही. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही. मात्र बिल लागतंच.

जुना प्लेअर लगेच विकू नका. गाणी नव्या जागी नीट वाजतायत याची दोन-तीन आठवडे खात्री करा. पाठ फुगलेली दिसली, तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, घरी उघडूही नका. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. ती कचऱ्याच्या डब्यातही जाऊ देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन द्या.