फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

गेल्या मे महिन्यात मी मावशीकडे तिगावला गेलो होतो. नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याजवळ हे गाव आहे. राज्य मध्य प्रदेश, पण घरोघरी बोली मराठी. तेथील उन्हाळा कुलरशिवाय निघत नाही. लोखंडी पेटी, तीन बाजूंना ओल्या ताट्या, आत पंखा आणि पाण्यात बुडालेला लहानसा पंप. पहिल्याच दुपारी कुलरला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मावशी शांतपणे म्हणाली, "चप्पल घालून हात लाव बेटा, मंग काही नाही होत."

या एका वाक्याने मला हा लेख लिहावयास लावले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतचा. परंतु दहावीला शिकलेला ओहमचा नियम या प्रसंगी पुरेसा ठरला. दाबास रोधाने भागले की प्रवाह मिळतो, एवढाच तो नियम.

प्रवाह आणि शरीर

आपल्या घरात विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. ओल्या अंगाचा रोध साधारण 1000 ओहम धरला, तर शरीरातून 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. सुमारे 10 मिलिअँपिअरलाच स्नायू आखडू लागतात व धरलेली वस्तू सोडवत नाही. 30 च्या पुढे श्वास अडखळतो, आणि 50 ते 100 च्या दरम्यान हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. कोरडी चप्पल रोध वाढविते हे खरे. पण कुलरमध्ये पाणी भरताना पाय कोरडे कोठे असतात?

आता फ्यूजकडे पाहू. फ्यूज किंवा एमसीबी 16 अँपिअरचा असेल, तर शरीरातून जाणारा पाव अँपिअर त्याच्या गणतीतही येत नाही. माणूस दगावेल, फ्यूज शाबूत राहील. फ्यूजचे काम तारेला जादा तापण्यापासून वाचविणे हे आहे. माणसाला वाचविण्यासाठी दुसरी व्यवस्था लागते.

अर्थिंगचे गणित

ती व्यवस्था म्हणजे अर्थिंग. कुलरच्या लोखंडी पेटीपासून निघालेली हिरवी तार प्लगच्या जाड पिनेतून अंगणातील खड्ड्यापर्यंत जाते. तेथे पाइप किंवा पत्रा पुरून भोवती कोळसा व मीठ भरलेले असते. पेटीत वीज उतरली, की तिने या वाटेने जमिनीत जावे, ही योजना.

या वाटेचा रोध 5 ओहम असेल, तर 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअर प्रवाह वाहील आणि फ्यूज वितळेल. पण तोच रोध 40 ओहम झाला, तर प्रवाह पावणेसहा अँपिअरच्या आसपास राहील. फ्यूज वितळणार नाही, आणि पेटीत वीज तशीच खेळत राहील. जमीन कोरडी पडली की हा रोध वाढतो. म्हणजे ज्या मे महिन्यात कुलर दिवसरात्र चालतो, त्याच महिन्यात अर्थिंग सर्वांत दुबळे असते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नियमाने पाणी ओतण्याची रीत याचसाठी आहे.

दोन वायरमन

मावसाजींनी प्रथम ज्याला बोलावले, तो पाहता क्षणी म्हणाला, "खड्डा खोदाले दोन दिवस जातीन जी. तिसरी पिन न्यूट्रलले जोडून देतो, झटका बंद." मजुरीही थोडी. मावसाजी राजी झाले होते. मला मात्र झिणझिण्या आठवत होत्या. मी हट्ट धरून पांढुर्ण्याहून परवानाधारक वायरमन बोलावून घेतला.

त्यांनी मेन स्विच बंद करूनच बोर्ड उघडला. नंतर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये चाचणीचा दिवा धरला. तो पेटलाच नाही. खड्ड्याकडे जाणारी तार गंजून केव्हाच तुटली होती. न्यूट्रलच्या युक्तीविषयी ते म्हणाले, "न्यूट्रल कुठं तुटला, तर पिनेला जोडलेली प्रत्येक पेटी फेज होईन. मंग चप्पल काय करीन?"

त्यांनी नवा खड्डा केला, कुलरला तीन तारांची केबल लावली आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला. दिवा पेटला म्हणजे अर्थिंग उत्तम, असेही नव्हे. रोध मोजण्याचे वेगळे यंत्र असते, आणि त्यांनी ते लावून आकडा दाखविला.

आरसीसीबी वाणिज्याच्या विद्यार्थ्याला लगेच समजतो. फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांचा तो सतत ताळा घेतो. फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत पोचला, की क्षणार्धात वीज तोडतो. मात्र एका हातात फेज व दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर त्याच्या वहीत ताळा जमतो आणि तो गप्प राहतो. म्हणून त्याच्या भरवशावर बेफिकीर होऊ नये. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

काम देण्यापूर्वी

घरातील वायरिंगचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदाराकडून व अनुज्ञापत्र असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे, असा केंद्राचा नियम आहे. 2010 च्या सुरक्षाविषयक नियमांची जागा 2023 च्या नियमांनी घेतली आहे. दिवा, पंखा, फ्यूज बदलणे अशा किरकोळ कामांनाच सूट. तिगावला जे लागू, तेच आपल्या सीमाभागातही लागू. तेव्हा काम देताना पुढील गोष्टी विचाराव्यात:

1. परवाना दाखवाल काय?
2. तार आयएसआय चिन्हाची व भारानुसार जाडीची आहे काय? दिव्यांना 1.5 व 16 अँपिअरच्या प्लगला 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची तार सामान्यतः वापरतात.
3. प्रत्येक स्विच फेजच्या तारेवरच आहे ना?
4. अर्थिंगचा रोध मोजून सांगाल काय?
5. आरसीसीबी बसविणार काय?

पहिल्या वायरमनचे अंदाजपत्रक स्वस्त होते, कारण त्यात खड्डा, केबल आणि आरसीसीबी या तीन रकमा धरलेल्याच नव्हत्या. दोन अंदाजपत्रकांची तुलना करताना शेवटची बेरीज पाहण्याआधी बाबी मोजाव्यात, हे आपण वर्गात शिकतोच.

मी निघालो त्या दिवशी मावशी अनवाणी कुलरमध्ये पाणी भरीत होती. तिने आधी प्लग काढला होता.