कागदी पिसांचा खंड्या : हस्तकलेतून निरीक्षण

कोलंबियाच्या कलाकार डायना बेल्ट्रान हेरेरा कागदाची पिसं कापून हुबेहूब पक्षी घडवतात. पाचवी-सहावीच्या मुलांनाही हे जमतं. त्यासाठी विजेच्या तारेवर दिसणारा खंड्या निवडा : तपकिरी डोकं, पांढरा गळा, निळी पाठ, लाल चोच. लांबी साधारण २८ सेंमी.

आधी पीस बघू द्या. कोंबडीचं चालेल. मधे ताठ दांडी, बुडाशी मऊ लव. पंखाच्या मोठ्या पिसात दांडी मधोमध नसते. अरुंद बाजू उडताना पुढे राहते. हे सांगून टाकू नका. मुलांना पट्टीने मोजू द्या.

कृती :
१. रद्दी चुरगाळून दोऱ्याने बांधा. वरून खळीने कागदाचे तुकडे चिकटवून अंगाचा आकार द्या, वाळवा.
२. कागदाच्या पट्टीला उभी घडी घाला, ही झाली दांडी. पंखाच्या पिसांसाठी घडी एका कडेकडे घ्या. टोक गोल करून कडांना बारीक तिरक्या चिरा द्या.
३. शेपटीपासून डोक्याकडे पिसं लावत या. खळ फक्त बुडाला.

शेपटीपासूनच का? कौलं वळचणीपासून वर रचत नेतात, तसंच. वरचं पीस खालच्याचं बूड झाकतं, पाणी निथळून जातं. हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्या.

पालकांना एक विनंती, पिसं तुम्ही कापून देऊ नका. पक्षी देखणा होईल, पण पीस बघायचं राहूनच जाईल. गुण देताना आम्ही शिक्षकांनीही सफाईपेक्षा निरीक्षण बघावं.