शाळेत ताई-दादा नेमायचे, तर वर्षाचा खर्च किती?

गावातल्या चार शिकलेल्या मुलामुलींना शाळेत बोलवायचं, वाचनात मागे पडलेल्या मुलांना त्यांच्याजवळ बसवायचं आणि वर्षाखेरीला शाल-श्रीफळ द्यायचं. खर्च काय तो चहापाण्याचा. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाने पहिल्या वर्षी हिशेब असाच मांडला होता. जूनमध्ये चौघं आली. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकटीच परत आली. एक जण पोलीस भरतीच्या तयारीला लागला. दुसऱ्याला शाळेने ऑनलाइन माहिती भरायला बसवलं होतं, तो कंटाळून गेला. तिसरीला दोन महिने मानधन मिळालं नव्हतं, तेव्हा घरच्यांनी तिला थांबवलं. चूक आमची होती आणि तिची किंमत मुलांनी मोजली. नुकतंच अक्षर लागायला लागलेली तीसेक मुलं अर्ध्यावर सुटली.

म्हणून ज्या शाळा व्यवस्थापन समित्या, माजी विद्यार्थी मंडळं आणि छोट्या संस्था यंदा असं काही सुरू करू पाहत आहेत, त्यांच्यासाठी हा हिशेब.

आधी काम ठरवा, मग माणसं

या कामाला मुंबईतच जुना आधार आहे. १९९५ मध्ये तिथे सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने वस्तीतल्याच तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून शाळांत पाठवलं. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट बालसखी रोज दोन तास घ्यायची. सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण असायचं आणि त्या काळी मानधन महिना ५०० ते ७५० रुपये होतं. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह मुंबई आणि बडोद्यातल्या या कामाची तपासणी केली. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले होते आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला होता.

याच मंडळींनी पुढे उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात आणखी एक प्रयोग तपासला. तिथे स्वयंसेवक शाळेबाहेर वाचनवर्ग घेत. जी मुलं आली ती वाचायला शिकली, पण एकूण मुलांपैकी आली जेमतेम ८ टक्के. ज्या मुलांना सर्वांत जास्त गरज आहे, ती संध्याकाळच्या वर्गाला येतीलच असं नाही. तेव्हा वर्ग शाळेच्या वेळेतच बसवा. एका वेळी पंधरा मुलं, रोज ठरलेले दोन तास, विषय वाचन आणि अंकगणित. याहून मोठं काम पहिल्या वर्षी घेऊ नका.

नमुना हिशेब

एकाच केंद्रातल्या दोन शाळा धरू. चार ताई-दादा, प्रत्येकाकडे दोन गट, म्हणजे एकूण १२० मुलं. रोज चार तास, दहा महिने, २०० दिवस. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या भागातले भाव घालून हिशेब पुन्हा करा, पण रकाना एकही गाळू नका.

- मानधन : ५,००० रुपये × ४ जण × १० महिने = २,००,०००
- समन्वयक (अर्धवेळ) : १०,००० × ११ महिने = १,१०,०००
- बाहेरगावाहून येणाऱ्या दोघांचा प्रवास : रोज ६० × २०० दिवस = १२,०००
- प्रशिक्षण : सुरुवातीचे सहा दिवस १२,०००, पुढे महिन्याला एक दिवस असे नऊ दिवस ९,००० = २१,०००
- साहित्य : मुलामागे १५० प्रमाणे १८,०००, गोष्टींची पुस्तकं आणि पेट्या ६,००० = २४,०००
- मोबाइल रिचार्ज : २०० × ५ जण × १० महिने = १०,०००
- ओळखपत्रं, नोंदवह्या, झेरॉक्स, चारित्र्य पडताळणी = ४,०००
- अपघात विमा : २० × ५ जण = १००
- अडीअडचणीसाठी राखीव = १८,९००

एकूण चार लाख. मुलामागे वर्षाला सुमारे ३,३३३ रुपये.

यातल्या काही रकान्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. गावातली मुलं याच आकड्यांशी तुलना करतात, म्हणून अर्ध्या दिवसाचे ५,००० हा आकडा त्यांना पटेल असा आहे. मानधन दर महिन्याच्या ५ तारखेला थेट बँक खात्यात गेलंच पाहिजे. कागदावर ‘मानधन’ लिहिलं म्हणजे कामगार कायदा लागू होत नाही, असं मात्र समजू नका. नेमणुकीचं पत्र तयार करण्याआधी एकदा वकिलाला किंवा सीएला दाखवा.

प्रवासात बचत होऊ शकते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. वरच्या हिशेबात दादाचे जाऊन-येऊन ४० आणि ताईचे २० धरले आहेत. विम्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं आणि १८ ते ७० वयाचा कोणीही बँक खातेदार त्यात येतो. इतकी स्वस्त गोष्टही पहिल्या वर्षी आम्ही केली नव्हती.

समन्वयक कशाला हवा?

बैठकीत हिशेब वाचला की सगळ्यांची नजर याच १,१०,००० रुपयांवर थांबते. ‘देखरेख आपणच करू’ असं कोणीतरी म्हणतं. आम्हीही म्हणालो होतो. आपापल्या नोकऱ्या सांभाळून महिन्यातून एकदा चक्कर मारणं म्हणजे देखरेख नव्हे.

दुसऱ्या वर्षी आम्ही एका निवृत्त शिक्षिकेला नेमलं. सगळे त्यांना बाई म्हणतात. ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या एका ताईच्या वहीत चौथीतल्या एका मुलाबद्दल रोज तेच लिहिलेलं असायचं : ‘घ आणि ध यांत गोंधळतो.’ तिने अक्षरं गिरवून घेतली, कार्डं दाखवली, फरक पडेना. बाई एक दिवस मागे पाटावर बसल्या आणि पूर्ण तास नुसत्या बघत राहिल्या. तो मुलगा ‘धर’ म्हणे आणि लगेच ताईच्या चेहऱ्याकडे बघे. तिच्या कपाळावर आठी दिसली की ‘घर’ म्हणे. तो पुस्तक वाचतच नव्हता, ताईचा चेहरा वाचत होता. तास संपल्यावर बाईंनी तिला बाजूला घेतलं. “उद्यापासून त्याच्या समोर नको, शेजारी बस. दोघांची नजर पुस्तकावर.” एवढाच बदल. महिनाभरात तो ओळ सलग वाचायला लागला.

ही गोष्ट त्या वीस वर्षांच्या मुलीला एकटीला उमगली नसती. तिच्यात काही कमी होतं असं नाही. नव्याने शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नसतो. समन्वयकाचे पैसे आपण यासाठी देतो.

त्याच्याकडून दर आठवड्याला तीन गोष्टी मागा. प्रत्येक ताई-दादाचे दोन तास मागे बसून पूर्ण पाहायचे. शुक्रवारी तासभर सगळ्यांनी एकत्र बसायचं, प्रत्येकाने अडलेल्या एका मुलाबद्दल बोलायचं. आणि रोज आळीपाळीने एकाशी दहा मिनिटं निवांत बोलायचं : घरी काय चाललंय, परीक्षा कधी आहे, स्थळं बघणं सुरू झालंय का. कोणी सोडून जाणार असेल तर ते इथेच आधी कळतं. स्पर्धा परीक्षेसाठी रजा मंजूर करून टाका. पाचवी व्यक्ती प्रशिक्षणालाच बोलावून तयार ठेवा, म्हणजे जागा रिकामी झाली तरी गट मोडत नाही.

मुख्याध्यापकांशी लेखी ठरवा

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि मुख्याध्यापकांसोबत एक पानभर करार करा. ताई-दादा शिक्षकांच्या जागी वर्ग सांभाळणार नाहीत, ऑनलाइन माहिती भरणार नाहीत, पोषण आहाराचा तांदूळ मोजणार नाहीत. शिक्षकांवर या कामांचा बोजा खरोखरच मोठा आहे, त्यामुळे त्यांनी मदत मागणं स्वाभाविक आहे. म्हणूनच नाही म्हणण्याची वेळ विशीतल्या मुलांवर आणू नका. करारातच ते लिहिलेलं असू द्या.

सुरक्षिततेत काटकसर नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने शाळांतल्या सुरक्षेचे निर्देश काढले. त्यात कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवर भर आहे. स्वयंसेवक कर्मचारी नाहीत म्हणून त्यांना वगळू नका. गट व्हरांड्यात किंवा दार उघडं असलेल्या खोलीत बसवा. मुलांचे फोटो स्टेटसला ठेवायचे नाहीत. मारणं किंवा टोचून बोलणं चालणार नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेही त्याला मनाई आहे. एखादं मूल अत्याचाराबद्दल काही सांगत असेल, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. प्रशिक्षणातला एक पूर्ण दिवस या विषयाला द्या.

विनामोबदला मदत किती पुरते?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, म्हणजे वर्षाला १२०. रोज दोन तास धरले तर ६० दिवस. वर्षभर गट चालवायला ते पुरत नाहीत. पण शनिवारचा गोष्टींचा तास, वाचनालयाची मांडणी, मुलांची चाचणी घेणं यांसाठी ही मुलं फार उपयोगी पडतात. केंद्र सरकारच्या ‘विद्यांजली’ पोर्टलवरही शाळेला आपली गरज नोंदवता येते.

पैसा कुठून, आणि कमी पडला तर?

माजी विद्यार्थ्यांकडे ‘मदत करा’ म्हणून जाऊ नका. ‘एका मुलाचं एक वर्ष, ३,३३३ रुपये’ असं सांगा. आकडा समोर असला की माणूस लवकर ठरवतो. संस्थेकडे ८०जी नोंदणी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोख घेऊ नका. तिच्यावर देणगीदाराला करसवलत मिळत नाही.

चार लाख जमले नाहीत तर एकच शाळा घ्या, गट निम्मे करा. पुस्तकं वापरलेली मिळवा, अक्षरकार्डं जुन्या पुठ्ठ्यांतून करा, दशकाचे गठ्ठे काड्यांचे बांधा. समन्वयकाचे तास गटांच्या प्रमाणात कमी होतील, पण तो रकाना कोरा ठेवू नका. आणि दहा महिन्यांचे पैसे हातात आल्याशिवाय पहिला गट बसवू नका. मूल एकदा ताईजवळ येऊन बसलं की ते दुसऱ्या दिवशीही तिची वाट बघतं, आणि दिवाळीनंतरही.