मशीन कलंडलं तर उडी मारावी का?

प्रश्न : मुलगा जेसीबी चालवायला शिकतोय. जुने ऑपरेटर म्हणतात, पट्टा बांधू नकोस, मशीन कलंडलं तर उडी मारता येते. खरं आहे का?
– एक आई, सांगोला

उत्तर : नाही, ताई. हा समज जीवघेणा आहे. उडी मारणारा बहुतेकदा मशीन पडतं त्याच बाजूला फेकला जातो आणि साताठ टनांखाली सापडतो. केबिनची पोलादी चौकट उलटण्याचा भार पेलायलाच बनवलेली असते. पट्टा माणसाला तिच्या आत धरून ठेवतो. त्यामुळे पट्टा बांधावा, स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहावं. चौकट कापलेली किंवा वाकलेली असेल, तर ते मशीन त्यानं सरळ नाकारावं. खोदताना मागचे जॅक घट्ट जमिनीवर टेकवावेत. बकेट विजेच्या तारेला लागलं तरीही, आग नसेल तर, वीज बंद होईपर्यंत आतच थांबावं. शिकू द्या त्याला. काम चांगलं आहे.