वर्षातून दोनदा पिकणारी द्राक्षे

दौलताबादचा किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. खंदक, अंधारी वाट आणि मेंढा तोफ पाहून दमलेली मुले खाली उतरतात आणि हंगाम असेल तर रस्त्याकडेच्या टोपल्यांतील पेरू किंवा सीताफळे घेऊन बसमध्ये बसतात. याच गावच्या द्राक्षांविषयी सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी एका परदेशी प्रवाशाने एक छोटेसे वाक्य लिहवून ठेवले आहे. आज त्या वाक्याची परीक्षा घेऊ.

हा प्रवासी म्हणजे मोरोक्कोतील टँजिअर गावचा इब्न बतूता. महंमद तुघलकाने १३२७ साली देवगिरीला राजधानी नेण्याचा घाट घातला आणि तिचे दौलताबाद केले, हे तुम्ही इतिहासात शिकला आहात. इब्न बतूता १३३३ साली हिंदुस्थानात आला, तुघलकाच्या चाकरीत राहिला आणि १३४२ साली सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला. वाटेत दौलताबाद लागले. पुढे मायदेशी परतल्यावर त्याने आपला प्रवास सांगितला आणि तो ग्रंथ १३५५ साली पुरा झाला. त्यात तो म्हणतो की, दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोन वेळा येतात.

(जाता जाता एक सूचना. द्राक्षशेतीवरील काही पुस्तकांत इब्न बतूता दौलताबादेस १४३० साली आला असे छापलेले आढळते. तो १३६८-६९ च्या सुमारास वारला! एकाने चूक केली की पुढचे दहा जण ती उतरवून घेतात. छापलेल्या सालाचीही बेरीज-वजाबाकी करून पाहावी.)

बरे, द्राक्षे वर्षातून दोनदा? ही प्रवाशाची थाप तर नव्हे? मोरोक्कोत, इटलीत, फ्रान्समध्ये द्राक्षवेल वर्षातून एकदाच फळते. हिवाळ्यात तिची पाने झडतात आणि ती चक्क झोपी जाते. वसंतात थंडी ओसरली की डोळे फुटतात आणि उन्हाळाअखेर किंवा शरदात घड पिकतात. झोप एक, म्हणून पीकही एक.

आपल्या दख्खनच्या पठारावर वेलीला झोप यावी एवढी थंडीच पडत नाही. जमिनीत ओल आणि हवेत ऊब असेल तोवर ती वाढतच राहते. मग तिला वेळापत्रक लावून कोण देतो? बागाईतदाराची कात्री! काडी छाटली की खाली उरलेले डोळे साधारण दहा-बारा दिवसांत फुटू लागतात. वर्षातून दोनदा छाटा, वेल दोनदा फुटेल. आणि त्या डोळ्यांत घड असतील तर दोनदा फळेलही. इब्न बतूताचे वाक्य अशक्य तर नाहीच, उलट उष्ण प्रदेशातील वेलीचे ते अगदी नेमके वर्णन आहे. बंगळूरच्या बाजूला ‘बंगलोर ब्लू’ जातीची वर्षाला दोन पिके आजही निघतात.

महाराष्ट्रात मात्र आज छाटण्या दोन आणि पीक एक, अशी पद्धत आहे. एप्रिलच्या छाटणीवर धरलेले घड पावसाळ्यात पिकतात. ढगाळ हवेत त्यांना साखर भरत नाही, वर केवडा आणि करपा हे रोग बसतात. म्हणून एप्रिलची छाटणी फक्त नव्या, दमदार काड्या तयार करण्यासाठी होते. तिला खरड छाटणी म्हणतात. ऑक्टोबरची ती गोडी छाटणी. तिच्यावर आलेले घड फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या, उन्हाळू हवेत भरतात. नावातच त्यांची गोडी आहे.

आता खरी गंमत. मे महिन्यात एखाद्या बागेत गेलात तर मालकाला विचारा, “काका, पुढच्या फेब्रुवारीतली द्राक्षे आत्ता कुठे आहेत?” जाणता बागाईतदार हसणार नाही. तो हिरव्या काडीवरचा, पानाच्या बगलेतला डोळा दाखवील आणि म्हणेल, “यात.” आणि ते अक्षरशः खरे आहे. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांच्या आत, त्या डोळ्याच्या पोटात एक अतिसूक्ष्म गाठ तयार होते. तिचे काय व्हायचे ते तेव्हा ठरलेले नसते. भरपूर ऊन, पुरेशी ऊब आणि अन्नसाठा मिळाला तर तिचा घड होतो. आभाळ भरून राहिले, पाणी आणि नत्र जास्त झाले, पानांची दाटी होऊन डोळ्यावर सावली पडली, तर तिचीच होते बाळी. बाळी म्हणजे वेलीला आधार धरायला लागणारा, स्प्रिंगसारखा वळणारा तंतू. घड आणि बाळी ही एकाच आईची लेकरे आहेत.

म्हणजे बागाईतदाराचे सारे वर्ष मे-जूनच्या त्या काही आठवड्यांवर टांगलेले असते, आणि तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नाही! औषधे, मजुरी, मांडवाच्या तारा यांवरचा खर्च चालूच असतो. घड आहेत की बाळ्या, हे ऑक्टोबरात डोळे फुटल्यावर कळले तर फार उशीर झालेला असतो. म्हणून शहाणे बागाईतदार गोडी छाटणीच्या आधी बागेतील काही काड्या प्रयोगशाळेत नेतात. तेथे प्रत्येक डोळा धारदार पात्याने चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काडीवरच्या कितव्या डोळ्यात घड आहे हे समजले की काडी कुठे छाटायची ते ठरते. जीवशास्त्राच्या तासाला तुम्ही कांद्याचा पापुद्रा ज्या यंत्राखाली पाहता, त्याच जातीच्या यंत्रावर इथे एका घराचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते.

एवढे करूनही धास्ती संपत नाही. ऑक्टोबरनंतर परतीचा पाऊस रेंगाळला तर कोवळे घड कुजतात किंवा गळतात. फेब्रुवारीतली गारपीट तर अर्ध्या तासात बाग झोडपून काढते.

त्यातून वाचलेल्या घडांच्या मण्यांत पुढे ‘पाणी उतरते’. हा बागाईतदारांचा शब्द फार चांगला आहे. कडक हिरवा मणी मऊ आणि पारदर्शक होऊ लागतो. पानांत तयार झालेली साखर त्यात येऊन साठते आणि आम्ल कमी कमी होत जाते. ही साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची खिशात मावणारी नळी असते. तिच्या काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून पाहायचे. साखर जितकी जास्त, तितका प्रकाश जास्त वाकतो. २२ अंश ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात अंदाजे २२ ग्रॅम साखर.

खाण्याची द्राक्षे पिकवणाऱ्याचे काम इथे संपते. वाइन करणाऱ्याचे इथे सुरू होते. महाराष्ट्रात २००१ साली शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, विंचूर (जि. नाशिक) आणि पलूस (जि. सांगली) येथे त्यासाठी खास वसाहती झाल्या. अशा कारखान्यातील तंत्रज्ञाला विचारा, “तुमची सर्वांत मोठी अडचण कोणती?” तो बहुधा हवामानाकडे बोट दाखवील. युरोपात द्राक्षे पिकतात तेव्हा दिवस थंड होत चाललेले असतात. आपल्याकडे पिकतात तेव्हा उन्हाळा दारात उभा असतो. साखर तर भराभर चढते, पण उष्णतेत मण्यातील मॅलिक आम्ल श्वसनात खर्ची पडते. आम्ल गेले की वाइन बेचव होते आणि लवकर बिघडतेही. थांबावे तर आम्ल जाते, घाई करावी तर साखर कमी! म्हणून तोडणी पहाटेच्या गारव्यात उरकतात आणि रस लगेच थंड करतात.

पुढचे काम यीस्टचे. हा एकपेशीय जीव साखर खातो आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड करतो. हिशोब सोपा आहे. १८० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. बेरीज करून पाहा, वजन जुळते. म्हणजे साखरेचा जवळजवळ निम्मा भाग हवेत उडून जातो. २२ ब्रिक्सच्या रसात शेवटी आकारमानाने साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल उतरते. द्राक्षावरची पांढरी लव म्हणजेच यीस्ट, असे पुष्कळ लोक सांगतात. ते खरे नाही. ती लव मेणाची असते. तिच्यावर थोडेफार यीस्ट बसलेले असते एवढेच.

हा वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो. तपासणी न करता टाकी धुवायला उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. जुन्या विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहण्याची रीत खेड्यात आहे. पण दिवा जळत असतानाही वायूचे प्रमाण धोक्याचे असू शकते, म्हणून कारखान्यात मोजमापाचे यंत्र वापरतात.

हे किण्वन घरी पाहता येईल. एका बाटलीत कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि बेकरीत मिळणारे अर्धा चमचा यीस्ट घाला. तोंडावर फुगा बसवून तासभर ठेवा. फुगा फुगेल. त्यातील वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडा, निवळी दुधाळ होईल. प्रयोग शिक्षकांसमोर करा, बाटलीचे तोंड बुचाने घट्ट बंद करू नका आणि द्रव चाखू नका. तो ओतून द्यायचा आहे. दुसरी परीक्षा तर त्याहून सोपी. काळे द्राक्ष सोलून आतला गर पाहा. तो बहुतेक जातींत रंगहीन असतो. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, म्हणून ती करताना रस सालीसकट आंबवतात.

आणि नोव्हेंबरात एखाद्या बागेत जाण्याचा योग आला, तर मांडवाखाली मान वर करून हिंडा. हजार बाळ्यांत एखादी अशी सापडेल की तिच्या टोकाला दोन-तीन इवले मणी लागलेले आहेत. मे महिन्यात त्या गाठीचे नीट ठरले नव्हते. सापडली तर मालकाची परवानगी घेऊन तिचे चित्र काढा आणि शेजारी त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये आभाळ कसे होते ते त्यांच्याकडून विचारून लिहा.